/बिन आणि /यूएसआर एक झाले ते योग्यच, पण कसे झाले?

कोथरूडकर: डेबियन या लिनक्सच्या 12 व्या आवृत्तीपासून /बिन, /एसबिन, /लिब हे प्रोग्राम आणि लायब्ररींचे फोल्डर नुसते सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या खुणा) उरलेत, खरा मुक्काम /यूएसआर फोल्डरमध्ये. जुनी मांडणी आता चालतच नाही. हिंजवडीत अजून यावर कुरकुर ऐकतो, म्हणून हा धागा. माझ्या मते हे व्हायलाच हवं होतं. मुळात ही फाळणी कुणी विचार करून केली नव्हती. बेल लॅब्समध्ये युनिक्स घडवणाऱ्या थॉम्पसन आणि रिची यांच्या पीडीपी-11 या संगणकाची डिस्क भरली, म्हणून काही भाग दुसऱ्या डिस्कवर, /यूएसआरमध्ये गेला. बूटपुरतं (मशीन सुरू होण्यापुरतं) /बिनमध्ये ठेवायचं, हे कारण नंतर चिकटलं. ते काम आता इनिटरॅमएफएस (सुरुवातीला मेमरीत उघडणारी छोटी फाईलसिस्टीम) करतं. इतर लिनक्सपैकी फेडोराने 2012 मध्ये, आर्चने 2013 मध्ये हे उरकलं. सगळी सिस्टीम /यूएसआरमध्ये असली की ती रीड-ओन्ली ठेवता येते, एकगठ्ठा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेता येतो.

भोसरी_एमआयडीसी: फेडोराचा दाखला इथे लागू नाही. अहो, /बिनमधली आणि /यूएसआर/बिनमधली फाईल एकच आहे हे डीपीकेजीला, म्हणजे डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामला, कळत नाही! समजा, एकाच अपग्रेडमध्ये फाईल एका पॅकेजमधून दुसऱ्यात गेली आणि तिचा पाथही (फोल्डरमधला पत्ता) बदलला. नवं पॅकेज ती /यूएसआर/बिनमध्ये टाकतं. मग जुनं आपली /बिनमधली फाईल काढायला जातं आणि सिमलिंकवरून नेमकी नवीच उडवतं. एररसुद्धा येत नाही. म्हणून तर डेबियनला अशा हलवाहलवीवर बंदी घालावी लागली. शिवाय आमच्याकडे मशीनवर छोटे कंट्रोलर आहेत: इनिटरॅमएफएस नाही, /यूएसआर वेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर). ते बूट कसे व्हायचे?

कोथरूडकर: त्या कंट्रोलरना इनिटरॅमएफएस द्यावं लागेल किंवा पार्टिशन एक करावं लागेल, दुसरा मार्ग नाही. पण दोन्ही मांडण्या सांभाळणंही फुकट नव्हतं. नव्या मांडणीच्या मशीनवर बिल्ड केलेल्या पॅकेजमध्ये सेड या मजकूर बदलणाऱ्या प्रोग्रामचा /यूएसआर/बिन/सेड असा पाथ कोरला जायचा आणि जुन्या मशीनवर तिथे सेड नसायचाच. असले बग शोधताना जीव जातो.

कर्वेनगर_रूट: फेडोरा 42 ने तर /यूएसआर/एसबिनसुद्धा /यूएसआर/बिनमध्ये मिसळलं. आणि डीपीकेजीची ती भीती डेबियन 13 मध्ये बरीचशी मिटली आहे. पॅकेजमधल्या फायलींचे पाथच आता /यूएसआरचे केलेत.

भोसरी_एमआयडीसी: तेच म्हणतोय मी. नव्या इन्स्टॉलला ही मांडणी डीफॉल्ट झाली 2019 मध्ये, डेबियन 10 ला. पॅकेजेस दुरुस्त व्हायला 2025 उजाडलं. आधी पॅकेजेस, मग सिमलिंक, असा क्रम ठेवला असता तर माझा काहीच विरोध नव्हता.