‘ध्रुवण’ कोणाचं: शलाकेचं की अभिक्रियेचं?

अणुरेणू: प्रोटॉन-हीलियम स्थितिस्थापक प्रकीर्णनावरच्या (एकूण गतिज ऊर्जा कायम राहून कण विखुरतात त्यावरच्या) टिपणात शलाकेचं (कणांच्या झोताचं) पोलरायझेशन आणि अ‍ॅनलायझिंग पॉवर (ए-वाय), दोन्हींना ‘ध्रुवण’ म्हटलं तर? किमती सारख्याच येतात ना?

डावखुरा: अजिबात नको. शलाकेचं ध्रुवण, म्हणजे तिच्यातल्या कणांचे स्पिन एका दिशेला किती झुकलेत ते, आयन-स्रोतावर ठरतं. ए-वाय हा अभिक्रियेचा गुण: स्पिनमुळे कण डावी-उजवीकडे किती असमान विखुरतात ते. ऊर्जा आणि कोन ठरले की तोही ठरला. हाती येतो दोहोंचा गुणाकार: डावी-उजवी विषमता = ध्रुवण × ए-वाय. १०,००० नोंदींपैकी ६,६०० डावीकडे, ३,४०० उजवीकडे, तर विषमता ०.३२. ए-वाय ०.८० असेल तर ध्रुवण ०.४०, सांख्यिक त्रुटी सुमारे ०.०१२. दोन्हींना एकच शब्द ठेवून हे लिहून दाखवा!

तुम्ही म्हणता ती बरोबरी तिसऱ्याच गोष्टीची. अध्रुवित शलाका टाकली की बाहेर पडणाऱ्या प्रोटॉनांना जे ध्रुवण येतं, ते ए-वायइतकं असतं. कारण काल-व्युत्क्रम सममिती (काळ उलटा चालवला तरी नियम तेच), आणि तेही प्रकीर्णन स्थितिस्थापक असेल तरच. लक्ष्यातला कार्बन ४.४४ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) पातळीवर उत्तेजित झाला, म्हणजे प्रकीर्णन स्थितिस्थापक राहिलं नाही, की ही बरोबरी धरून चालत नाही.

कोशकीटक: ए-वायला ‘विश्लेषकता’ म्हणा. प्रकाशात ध्रुवक-विश्लेषक ही जोडी रुळलेली आहे, वाहकता-रोधकतेच्या चालीवर बसतंही. ‘विश्लेषण क्षमता’ नोकरीच्या जाहिरातीतली वाटते. ‘प्रकीर्णन’ ठेवलंत ते बरं. शाळेच्या पुस्तकातलं ‘विकिरण’ हिंदीत रेडिएशन होतं.

अणुरेणू: विश्लेषकता चालेल. चिन्ह कसं ठरवायचं?

डावखुरा: १९७० चा मॅडिसन संकेत: आत येणारा संवेग × बाहेर जाणारा संवेग, ही लंबदिशा धन. स्पिन वर असताना डावीकडे जास्त नोंदी, तर विश्लेषकता धन. ‘डावीकडे’ म्हणजे शलाकेच्या दिशेने तोंड करून; डिटेक्टरकडून बघणारे हमखास उलटं चिन्ह लिहितात.

लहान कोनांवर काटछेद (प्रकीर्णन होण्याची शक्यता) कोनागणिक झपाट्याने उतरतो, त्यामुळे शलाका लक्ष्यावर जराशी सरकली तरी खोटी विषमता दिसते. म्हणून स्पिन उलटवून चारही संख्या घ्या: (डावे↑ × उजवे↓) ÷ (डावे↓ × उजवे↑), याचं वर्गमूळ ‘र’, विषमता (र−१)/(र+१). डिटेक्टरांची कार्यक्षमता आणि शलाकेची मात्रा छेदून जाते. स्पिन उलटताना शलाकाच हलत असेल, तर मात्र हा उपाय लंगडा पडतो.

अंशशोधनाला (कॅलिब्रेशनला) हीलियम-४ उत्तम: १२ एमईव्हीच्या आसपास, सुमारे ११२ अंशांवर विश्लेषकता १ ला टेकते.

कोशकीटक: आणि ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) शलाका असेल तर?

डावखुरा: स्पिन १, म्हणून सदिश (व्हेक्टर) आणि प्रदिश (टेन्सर) अशी दोन ध्रुवणं, विश्लेषकताही तशाच वेगळ्या. सदिश पदाला ३/२ हा गुणक लागतो. तो विसरला की ध्रुवण दीडपट निघतं.