सेवापुस्तकात न चढलेली सहा सत्रे निवृत्तिवेतनासाठी कशी धरून घ्यावीत?

प्रश्न : निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई

नमस्कार. मी 31 मे 2023 रोजी अनुदानित माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले. 16 जून 1997 पासूनची सेवा धरली गेली. परंतु त्याआधी जून 1991 ते एप्रिल 1997 अशी सहा सत्रे मी शेजारच्या जिल्ह्यातील दुसऱ्या अनुदानित शाळेत शिकवले, त्याचा उल्लेख कुठेच नाही. दरवर्षी 16 जूनला नेमणूक आणि 30 एप्रिलला सेवासमाप्ती होत असे. सहाही मान्यता आदेश (नेमणुकीला शिक्षण खात्याने दिलेली मंजुरी) माझ्याकडे आहेत, मात्र त्या शाळेने सेवापुस्तक, म्हणजे नोकरीची अधिकृत नोंदवही, उघडलेच नव्हते. पत्र्याच्या खोलीत दहावीचे वर्ग घेतले ती वर्षे कागदावर नसावीत, याचे फार वाईट वाटते.

उत्तर : निवृत्त मुख्य लिपिक, नांदेड

मॅडम, मागणी अवश्य करा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम 1982 मधील नियम 48 नुसार सेवेतील खंड क्षमापित, म्हणजे माफ, करता येतो. त्यासाठी खंड कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरच्या कारणाने पडलेला असावा, गमावली जाणारी सेवा पाच वर्षांपेक्षा कमी नसावी आणि सर्व खंडांची बेरीज एका वर्षावर जाऊ नये. आपली सेवा 5 वर्षे 3 महिने आणि खंड सुमारे 9 महिने भरतो. उन्हाळ्याचे ते दिवस मात्र सेवेत धरले जाणार नाहीत. खंडामागची सेवा तेवढी वाचते. आपण राजीनामा दिलेला नाही, ही मोठी जमेची बाजू आहे, कारण परवानगीविना दिलेल्या राजीनाम्याने आधीची सेवा बुडते.

20 वर्षांपुढे पूर्ण निवृत्तिवेतन मिळत असल्याने मासिक रक्कम वाढणार नाही. उपदान (ग्रॅच्युइटी) मात्र वाढेल: पूर्ण सहामाहीला पाव महिन्याचे वेतन, आणि आपल्या सहामाह्या 52 वरून 62 होतात, म्हणजे अडीच महिन्यांच्या वेतनाएवढा फरक पडतो.

उत्तर : शिक्षक, परभणी

मान्यता आदेशांबरोबर पगार निघाल्याचा पुरावाही जोडा. माझ्या प्रकरणात एका सत्राचा आदेशच सापडत नव्हता. माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून अर्ज केला, तेव्हा वेतन पथकाकडील (शाळांचे पगार काढणाऱ्या कार्यालयाकडील) देयकांत आणि शाळेच्या हजेरीपटात माझे नाव मिळाले.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. एक अडचण राहिली : पहिले दोन आदेश माहेरच्या नावाने आहेत.

उत्तर : निवृत्त मुख्य लिपिक, नांदेड

विवाह प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र पहिल्याच अर्जासोबत लावा, नाहीतर त्रुटी काढून प्रकरण परत येईल. अर्ज शेवटच्या शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. क्षमापनाचा आदेश झाला की सुधारित प्रस्ताव नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे जाईल.