मदत हवी आहे: विकीचं एक पान कायमचं कुलूपबंद कसं करायचं? (तातडीचं)

कातळखोबण (शनिवार, रात्री १२:३१)

घाटवाटांचा आमचा एक ऑनलाइन ज्ञानकोश आहे, मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो तेच सॉफ्टवेअर). कुणीही सदस्य व्हावं, लिहावं, दुसऱ्याचं सुधारावं. एका पानावर तीन आठवडे मारामारी चालू आहे. एक जण बदलतो, दुसरा उलटवतो, पहिला परत बदलतो. वैताग आलाय.

मला दोनच गोष्टी हव्यात. ते पान असं बंद करायचंय की बाकीच्या प्रचालकांनाही (ॲडमिनना) हात लावता येऊ नये. आणि एका सदस्याचं खातं काढून टाकायचंय, पण त्याने लिहिलेली पानं राहिली पाहिजेत. पडद्यावर "सुरक्षित करा" मध्ये "फक्त प्रचालक" याच्या पुढचा पर्यायच दिसत नाही.

सर्वरवर जाता येत नाही, त्यामुळे तसले उपाय सांगू नका. प्रवचनही नको. उद्या सकाळपर्यंत हवंय.

सांगकाम्या_७

आवृत्ती कुठली? होस्टिंग कुणाचं? प्रचालक किती? प्रश्नात काहीच नाही राव.

हवंय ते होतं. लोकलसेटिंग्ज फाइलमध्ये संरक्षणाची एक नवी पातळी घालायची आणि ती एकाच गटाला द्यायची. पण ती फाइल सर्वरवर असते. खात्याचं म्हणाल तर मीडियाविकीत खातं पुसता येत नाही, आणि ते मुद्दाम तसं केलंय. प्रत्येक बदलामागे कुणाचं तरी नाव लागतं. खातं अडवता येतं. एक्स्टेन्शन टाकून दुसऱ्या खात्यात विलीनही करता येतं, पण तेही सर्वरवरूनच.

सर्वरवर का जाता येत नाही?

गडकोट_वारी

कुठली वाट आहे? पावसाळ्यात जात असाल तर ट्रेकिंगचे बूट नकोत, पाणी भरतं. साधे रबरी तळव्याचे घ्या, आणि जळवांसाठी मीठ ठेवा.

पेठेतला पेन्शनर

कुणीही यावं आणि लिहावं याला ज्ञानकोश म्हणत नाहीत, पारावरच्या गप्पा म्हणतात. केतकरांनी लिमिटेड कंपनी काढून, भाग विकून तेवीस खंड काढले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्रींनी विश्वकोश उभा केला. तिथे रात्री साडेबाराला कुणी कुणाची नोंद खोडत नव्हतं. एक जाणता संपादक नेमा, बाकीच्यांनी त्याच्याकडे लेख पाठवावेत. दोन दिवसांत सगळं शांत होईल.

नीलांबरी

@पेन्शनर काका, शांत होईल हे खरंय, स्मशानासारखं. वाईला सरकारचं मंडळ होतं, पगारी संपादक होते. फुकटात रात्री जागून लिहिणाऱ्यांना तो नियम लावला की काय होतं ते विकिपीडिया काढणाऱ्यांनीच आधी करून पाहिलंय. २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया काढला. तज्ज्ञ लेखक, आणि लेखाला तपासणीचे सात टप्पे. वर्षभरात दोन डझनही लेख पार झाले नाहीत. म्हणून बाजूला कच्चं लिहायला १५ जानेवारी २००१ ला विकी उघडला, आणि वर्षअखेर त्यावर जवळपास वीस हजार लेख होते. धूळपाटीच मूळ पाटीपेक्षा मोठी झाली. सँगरनी पुढे तज्ज्ञांचा आणि खऱ्या नावांचा आग्रह धरून सिटिझेंडियम काढला, तोही वाळलाच.

(धूळपाटी हा मराठी विकिपीडियावरचा शब्द. लिहून पुसून बघायची जागा. चावडी, कौल, उत्पात, सांगकाम्या हे शब्द घडवणाऱ्यांना माझा नमस्कार. सांगकाम्या म्हणजे बॉट, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. वरचे सांगकाम्या माणूस आहेत असं मी धरून चालले आहे.)

कोल्हापुरी ठसका

भावा, लई विचार करू नकोस. साइट कुणी काढली? तू काढलीस. मालक एकच असतोय. वेल्सलासुद्धा लोक "प्रेमळ हुकूमशहा" म्हणायचे की. ज्याला पटत नाही त्याला अडव. विषय कट.

न्यूजर्सीकर

विकीचा जमाना गेला. सगळं एका गूगल डॉकमध्ये टाका आणि एआयला खायला द्या. लोक प्रश्न विचारतील, तो उत्तर देईल. भांडण कुणाशी करणार?

सांगकाम्या_७

@न्यूजर्सीकर, आणि तो ती वाट कुठून शिकणार? आपल्यापैकी कुणीतरी चालून लिहिली तरच ना.

@कातळखोबण, अजून उत्तर नाही. सर्वर?

कातळखोबण

सदस्य ३४, नियमित लिहिणारे सहा. पानं सहाशेच्या वर. प्रचालक तीन. मी संस्थापक. सर्वरचा इथे संबंध नाही. ज्याने उभा केला त्याच्याकडे पासवर्ड आहे आणि त्याला आत्ता विचारता येत नाही. ब्राउझरमधून काही होत असेल तर सांगा.

कोल्हापुरी ठसका

मग त्याला फोन लाव की.

नीलांबरी

मजकुराचा परवाना कुठला आहे? प्रत्येक पानाच्या तळाशी लिहिलेला असतो. डोमेन कुणाच्या नावावर आहे? आणि ज्याला काढायचंय त्याची पानं किती?

ठसका, वेल्सचं अर्धंच सांगितलंत. त्याने निवाड्याचं काम हातातून सोडलं, २००४ च्या सुरुवातीला लवाद समिती बसवली. त्याआधी २००३ च्या जूनमध्ये सर्वर, नाव, पैसा सगळं विकिमीडिया फाउंडेशनकडे गेलं होतं. एवढं करूनही हात शिवशिवायचेच. २००५ मध्ये स्वतःच्या चरित्राच्या पानावरून सँगर सहसंस्थापक असल्याचा उल्लेख त्याने काढला. बदलांच्या इतिहासात ते दिसलं, बोभाटा झाला, आणि करायला नको होतं असं त्यालाच म्हणावं लागलं. २०१० मध्ये कॉमन्सवरची (विकिमीडियाचा चित्रसाठा) चित्रं स्वतःच्या हाताने उडवली, त्यावर इतकं वादळ उठलं की संस्थापक म्हणून मिळालेले काही अधिकार त्याने सोडून दिले. विकीवरचा मालक असा असतो.

कोल्हापुरी ठसका

सोडले म्हणजे आधी होते ना? मग आपल्या भावालाबी वापरू दे की थोडे दिवस.

सांगकाम्या_७

लिंक दिली नाहीत तरी तुमचा कोश सापडला. मराठीत असा एकच दिसतोय. "अलीकडील बदल" मध्ये सगळं उघडं आहे. मढे घाटाचं पान, परवाची रात्र:

११:४२ "याच वाटेने तानाजी मालुसऱ्यांचा देह उमरठला नेला."
११:५८ "याच वाटेने तानाजी मालुसऱ्यांचा देह उमरठला नेल्याचे सांगतात." (सारांश: समकालीन संदर्भ द्या)
१२:०७ "नेला." (सारांश: मी केळदला १९८३ साली ऐकले आहे)
१२:०९ "नेल्याचे सांगतात." (सारांश: ऐकले म्हणजे पुरावा नव्हे!!!)
१२:२६ "नेला."

तीन आठवड्यांत असे ७१ बदल. वाटेचं वर्णन, पाण्याची जागा, कर्णवडीकडची उतरण, याला कुणी हात लावलेला नाही. सगळी लढाई "ल्याचे सांगतात" या अक्षरांची आहे.

आणि "सांगतात" वाला सदस्य म्हणजे कातळखोबण. तुम्हीच ना? वर "एक जण, दुसरा" असं लिहिलंय म्हणून विचारतो.

मोडी_मंदार

देह कुठून नेला यापेक्षा, सिंहगड हे नाव तानाजीच्या आधीच्या पत्रात सापडतं हे किती जणांना माहीत आहे? म्हणजे "गड आला पण सिंह गेला" वरून नाव पडलं ही गोष्टच

संपादक मंडळ

सिंहगडाच्या नावावर जुना धागा आहे, चर्चा तिकडे करावी. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

कातळखोबण

हो, मीच. मग काय झालं? माझं बरोबरच आहे. १६७० च्या घटनेचा पुरावा १९८३ मध्ये ऐकलेली गोष्ट कशी असेल? आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं, संदर्भाशिवाय इतिहास लिहायचा नाही. समोरचे ज्येष्ठ आहेत, सर म्हणतो आम्ही त्यांना. मला घाटवाटा त्यांनीच दाखवल्या, त्यामुळे प्रत्यक्ष बोलायला जड जातं. पण नियम म्हणजे नियम.

पेठेतला पेन्शनर

ज्यांनी वाट दाखवली त्यांचं खातं पुसायला निघालात? वा.

नीलांबरी

वाक्याच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. विकिपीडियाच्या तटस्थ दृष्टिकोनाच्या नियमाचा अर्थ तोच. कोण बरोबर हे कोशाने ठरवायचं नाही, कोण काय म्हणतं ते नोंदवायचं. पण इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की बरोबर असणाराही अडवला जातो. आणि भांडणातला गडी स्वतःच पंच होऊन पान बंद करत नाही. दुसरा प्रचालक करतो, तोही त्या क्षणी जी आवृत्ती असेल तिच्यावर. जुना विनोद आहे की पान नेहमी चुकीच्याच आवृत्तीवर बंद होतं, निदान अर्ध्या लोकांच्या मते.

दुसरं असं की सरांच्या ऐकण्याला किंमत नाही असं समजू नका. २०११ मध्ये मौखिक संदर्भांचा एक प्रयोग झाला होता, मल्याळम, हिंदी आणि आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेच्या विकिपीडियांसाठी. छापील पुस्तक नाही म्हणून माहिती नाही असं होऊ नये, म्हणून माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचाच संदर्भ दिला. तुम्हीही लिहा की, केळदमध्ये १९८३ साली अमक्या वयाच्या गृहस्थांनी असं सांगितलं, समकालीन कागदात उल्लेख सापडलेला नाही. "सांगतात" पेक्षा हे कितीतरी भरीव आहे. "सांगतात" म्हणजे कोण सांगतात? तुमच्या वाक्यालाही संदर्भ कुठे आहे?

परवान्याचं अजून सांगितलं नाहीत.

गडकोट_वारी

अरे मढे घाट होय! मग बूट चालतील, केळदपर्यंत गाडी जाते. लक्ष्मी धबधब्याच्या कड्याजवळ जाऊ नका, शेवाळ असतं. उतरताना शेजारच्या उपांड्या घाटाने उतरा, मढेने चढा.

कोल्हापुरी ठसका

उलटं. मढेने उतरायचं.

कातळखोबण

तळाशी परवाना वगैरे काही नाही. तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सरांची पानं साधारण ४०० असतील.

सांगकाम्या_७

म्हणजे सहाशेतली चारशे पानं सरांची, आणि परवाना नाही. मग ज्याने लिहिलं त्याचा त्यावर प्रताधिकार. खातं अडवलंत आणि उद्या सर म्हणाले की माझं लिखाण काढा, तर तुमच्या हातात काय उरतं? विकिपीडिया हे काम पहिल्या दिवसापासून मुक्त परवान्यावर (कुणीही मजकूर वापरावा, बदलावा अशी परवानगी) करत होता, तरी २००९ मध्ये जीएफडीएल या जुन्या परवान्याच्या जोडीला क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना घेताना जुना परवाना काढणाऱ्या संस्थेकडून त्याची आधी नवी आवृत्ती करून घ्यावी लागली. हजारो लेखकांना एकेक विचारणं शक्यच नव्हतं. तुमचे सहाच आहेत, आठवडाभरात सह्या होतील.

मुक्त परवान्याची एक बाजू तुम्हाला आवडणार नाही, तेही सांगतो. २००२ च्या फेब्रुवारीत स्पॅनिश विकिपीडियावरची मंडळी जाहिराती येणार या धास्तीने सगळा मजकूर उचलून सेव्हिलच्या विद्यापीठाच्या सर्वरवर गेली. कायद्याने पूर्ण मोकळीक होती. त्या वर्षी विकिपीडियाने डॉट कॉम सोडून डॉट ऑर्ग घेतलं, जाहिराती आजतागायत नाहीत. सर जाऊ शकतात ही भीती असली की संस्थापक नीट वागतो.

आता शेवटचं विचारतो. पासवर्ड कुणाकडे आहे?

कातळखोबण

सरांच्या मुलाकडे. २०१९ मध्ये त्यानेच फुकट उभं करून दिलं. बिलही तोच भरतो. डोमेनही बहुतेक त्याच्याच नावावर असेल.

कोल्हापुरी ठसका

😂😂 भावा!

पेठेतला पेन्शनर

मी काही बोलत नाही.

न्यूजर्सीकर

म्हणून म्हणालो गूगल डॉक.

सांगकाम्या_७

आज निदान प्रत तरी काढून ठेवा. सर्वर लागत नाही. "विशेष:निर्यात" पानावर जा, पानांची नावं टाका (वर्गाचं नाव दिलं की यादी आपोआप येते), "फक्त सध्याची आवृत्ती" वरची खूण काढा म्हणजे इतिहासासकट एक्सएमएल फाइल मिळेल. एकदम सहाशे टाकू नका, अडकेल. पन्नास-पन्नास करा. हे सरांना घालवण्यासाठी सांगत नाही. उद्या त्या मुलाचं कार्ड संपलं तर सगळंच जाईल म्हणून सांगतोय.

नीलांबरी

आणि तिसरे प्रचालक कोण आहेत? तुम्ही, सर आणि?

कातळखोबण

माझा मेव्हणा. तो ट्रेकला येत नाही. पासवर्ड विसरलाय.

नीलांबरी

मग लवाद समितीचा विषय इथेच थांबवते.

उरलेल्या चौघांतल्या कुणालातरी प्रचालक करा. चर्चापानावर कौल मांडा. तोपर्यंत ते वाक्यच पानावरून उचलून चर्चापानावर ठेवा, तुम्ही नाही, त्या नव्या माणसाने.

कातळखोबण (रविवार, सकाळी ९:१४)

रात्रभर बसून निर्यात केली. ६१२ पानं, इतिहासासकट. धन्यवाद सांगकाम्या.

एक अडचण आहे. उघडून बघितलं तर पानांवर फक्त लिखाण आहे, चित्रं नाहीत. सरांचे हाताने काढलेले नकाशे सगळे चित्रं म्हणून चढवलेले आहेत. प्रत्येक वाटेचा एक, पेन्सिलीने, पाण्याच्या जागी निळा ठिपका. ते वेगळे कसे उतरवायचे?

सांगकाम्या_७

संचिकांच्या (फाइलींच्या) यादीतून एकेक उतरतील, छोटी स्क्रिप्टही देतो. पण आत्ता तुमच्या साइटवर तीन-चार उघडून बघितले. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली, बारीक अक्षरात, पेन्सिलीनेच "सर्व हक्क राखीव" लिहिलंय आणि पुढे सही आहे. तुम्ही इतकी वर्षं पाहिलं नाहीत?

कातळखोबण

नव्हतं पाहिलं.

कोल्हापुरी ठसका

फोन लाव.

गडकोट_वारी

आणि मीठ विसरू नका.

कातळखोबण (रविवार, सकाळी ११:५०)

लावला. सर केळदलाच निघालेत, गाडीत होते. म्हणाले, रेंज जाईल, संध्याकाळी बोलू. मागून त्यांच्या मुलाचा आवाज येत होता.