स्वतःशी बोलायला वेळ कधी काढता? (अनुभव)

अबोली:
आज गुरुवार, सकाळपासून लाइट नाही. त्यावरून २००५ च्या आसपासचं लोडशेडिंग आठवलं. गच्चीत सतरंजी टाकून बसायचो आणि बाबा प्रत्येकाला विचारायचे, "आज कशात जीव रमला?" माझं उत्तर ठरलेलं, शेजारच्या मुलांचा अभ्यास घेताना. तेव्हा सीएची तयारी चालू होती. रोज तेच उत्तर देता देता माझं मलाच उमगलं आणि बी.एड. केलं. आज शाळेत शिकवते, मनापासून. बाबा गेले. आता रात्री ओटा आवरताना मीच मला विचारते. तुम्ही असं थांबून स्वतःकडे बघता का? काय बदललं? लिहा ना.

कोथरूडकर:
आमच्याकडेपण गेलीय. कधी येणार कळलं का?

टेकडीवाला:
पुण्यातली वेताळ टेकडी, खाणीची कड. मोर ओरडत असतात. हेडफोन घरीच ठेवतो. आईला गावाहून आणायचं की नाही, यावर घरी नुसती आकडेमोड व्हायची. तिथे बसल्यावर कळलं, मला ती जवळ हवीय. बस. आता इथेच असते. आणि त्या टेकडीतून रस्ता नेऊ नका हो, शहराला श्वास घ्यायला तेवढीच जागा उरलीय.

निशिगंधा:
रस्त्याबद्दल +१००. आईंना नमस्कार सांगा.

शमिका:
विपश्यना ध्यानाचं शिबिर, आळंदीजवळच्या मरकळला. दहा दिवस, पहाटे चारची घंटा, फोन जमा. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे बघायचं. मला वाटायचं मी तापट आहे. गप्प बसल्यावर दिसलं की रागाच्या आधी भीती असते, छातीत धडधडतं. आता धडधडलं की थांबते. मुलगा म्हणतो आई बदललीस. कुकर झाला, बाकीचं नंतर लिहिते

सुमनताई:
अबोली, बाबांचा प्रश्न फार आवडला. पण एक सांगते. हे गेल्यावर मी रात्र रात्र विचारच करत होते, "माझ्याच वाट्याला का?" ते स्वतःकडे बघणं नव्हे, उगाळणं. समुपदेशक बाईंनी वही दिली आणि म्हणाल्या, "का" लिहू नका, आज काय झालं, काय वाटलं ते लिहा, आणि झोपायच्या आधी वही मिटा. महिन्याभरात झोप लागायला लागली.

अबोली:
सुमनताई, 🙏 हे वाचून डोळे भरले. बाबा कधीच "का" विचारायचे नाहीत, आत्ता लक्षात येतंय.

कोथरूडकर:
आली लाइट! उद्या पाणी उशिरा आणि कमी दाबाने, भरून ठेवा.

निशिगंधा:
ताई, ती वही अजून लिहिता?

सुमनताई:
हो गं, रोज. आता त्यात नातवाचंच जास्त असतं.

टेकडीवाला:
शमिका, फोन जमा केल्यावर घरून निरोप कसा येतो? आईमुळे विचारतोय.

शमिका:
केंद्राच्या ऑफिसचा नंबर घरी देऊन ठेवायचा दादा, तातडीचं असेल तर ते कळवतात. फी नाही, शेवटी ऐच्छिक दान. जागा लवकर भरतात, आधी नाव नोंदवा.