‘अहो’, ‘सोन्या’, ‘जीव तुटतो’: जपानी आणि चिनी सबटायटलमध्ये कसं आणायचं?

पेठेतला_वाडा:
सदाशिव पेठेतल्या वाड्यात घडणाऱ्या एका मराठी लघुपटाला जपानी आणि चिनी सबटायटल द्यायची आहेत. चिनी सरलीकृत लिपीत हवं, प्रेक्षक मुख्य भूमीवरचे. इंग्रजीवरून केलेला कच्चा मसुदा आहे, पण जिथे जिथे माया आहे तिथे तिथे ‘लव्ह’चं भाषांतर होऊन बसलंय. अडलेल्या ओळी अशा:

१. कॉलेजातला मुलगा मैत्रिणीला, पहिल्यांदाच: “मला तू आवडतेस.”
२. सत्तरीची आजी आजोबांना: “अहो, ऐकलंत का?”
३. आजी नातीला: “सोन्या माझं ते!”
४. दमून आलेल्या नातीकडे बघून: “तुला असं बघून जीव तुटतो गं.”
५. लगेच पुढे: “जेवलीस का?”

शिवाय पोस्टरवर ‘प्रेम’ हे एकच अक्षर मोठ्ठं हवंय. पुण्यात जपानी शिकलेले पुष्कळ आहेत, चिनीचे जाणकार कमी, म्हणून दोन्ही इथेच विचारतोय.

कांजी_कट्टा:
जपानीपुरतं सांगतो. आधी तो इंग्रजी मसुदा बाजूला ठेवा आणि थेट मराठीवरून करा. ‘मला तू आवडतेस’ची ठेवण जपानीत जशीच्या तशी आहे. आवडणारी व्यक्ती आपल्याकडे कर्ता असते, तिकडे तिला ‘गा’ हा प्रत्यय लागतो: ‘(नाव) गा सुकी देस’. इंग्रजीवरून गेलं की तिथे कर्माचा ‘ओ’ घुसतो आणि वाक्य शिकाऊ वाटतं. तुमच्या प्रसंगात समोरची समोरच उभी आहे, तेव्हा नावही नको. नुसतं ‘सुकी देस’. त्याच्या मागोमाग ‘त्सुकिआत्ते कुदासाइ’, म्हणजे ‘माझ्याशी जोडी जमव’, हे ठरलेलं वाक्य येतं. ते मराठी संवादात नसेल तर घालू नका.

मसुद्यात ‘आइशितेरु’ असेल तर काढाच. हा शब्द फार जड आहे. गाण्यांत येतो, लग्नाची मागणी घालताना येतो, पण कॉलेजातल्या पहिल्या कबुलीला त्याने प्रेक्षक दचकतील.

दुसऱ्या ओळीला ‘आनाता’. पाठ्यपुस्तकात याचा अर्थ ‘तुम्ही’ एवढाच देतात, पण त्या पिढीच्या बायकोने नवऱ्याला मारलेली हाक म्हणून तो आपल्या ‘अहो’च्या अगदी शेजारी बसतो. हाच शब्द दुसऱ्या प्रसंगात वडीलधाऱ्यांना वापरला तर मात्र उद्धट होतो.

तिसरी ओळ अवघड. सोन्या, राजा, छकुली असं लाडाचं भांडार जपानीत जवळजवळ नाहीच. लाड उतरतो तो नावापुढच्या ‘चान’मध्ये. नातीचं नाव अधिक चान, आणि वाटल्यास ‘ईइ को दा ने’ (किती गुणाची गं). सोनं शब्दशः आणलंत तर दागिन्यांबद्दल बोलतायत असं वाटेल.

चौथीत मोठा खड्डा आहे. ‘कावाइ’ म्हणजे गोड, आणि ‘सो’ जोडलं की ‘दिसतंय’ असा अर्थ होतो, हे नियमाने खरं. पण ‘कावाइसो’ म्हणजे ‘बिचारी’. आजीच्या तोंडी ते कीव केल्यासारखं होईल. ‘मुरी शिनाइदे ने’, म्हणजे ‘जिवापलीकडे करू नकोस हं’, हे घ्या. पाचवीला ‘चान्तो ताबेतेरु?’ (नीट जेवतेस ना?). जपानी घरांत काळजी अशीच विचारली जाते.

आणि वेळ मोजा. जपानी सबटायटलला सेकंदाला ४ अक्षरं आणि ओळीत साधारण १३ हा हिशेब धरतात. ‘सुकी देस’ लिपीत बरोबर ४ अक्षरांचं आहे, त्यामुळे एका सेकंदात मावतं.

चार_सूर:
चिनीकडे मराठीला जास्त सोयरे सापडतील. चौथ्या ओळीला ‘शिन-थंग’ अगदी चपखल. शिन म्हणजे हृदय, थंग म्हणजे दुखणं. हाच ‘थंग’ एकटा आला तर ‘जीव लावणं’ असाही अर्थ होतो: आई मला फार थंग करते, म्हणजे फार लाड करते. इंग्रजीवरून जाणारा तिथे पोटदुखी समजतो.

तिसरीला ‘शिन-कान पाओ-पेइ’. कान म्हणजे यकृत. आपण ‘काळजाचा तुकडा’ म्हणतो आणि काळीज म्हणजेही मुळात यकृतच, त्यामुळे मला ही जोडी फार आवडते. (पिनयिनमध्ये, म्हणजे चिनीच्या रोमन लिखाणात, ‘पाओ-पेइ’मधला ‘प’ ‘बी’ने लिहितात, पण उच्चार आपल्या ‘प’जवळचा. तिथला ‘पी’ म्हणजे ‘फ’.)

दुसरीला ‘लाओ-कुंग’ नको, तरुण जोडप्यासारखं वाटेल. सत्तरीच्या बाईला ‘लाओ-थोउ-त्स’ (म्हाताऱ्या) शोभतं. त्यात ‘अहो’चा मान नाही, पण सहवासाची माया आहे. किंवा ‘हाय-त्स था पा’, म्हणजे ‘पोराचा बाबा’. ही रीत तर आपल्याकडचीच. आजोबांबद्दल दुसऱ्या कुणाशी बोलताना ‘लाओ-पान’ (म्हातारपणचा सोबती) चालेल. टंकताना जपा: तीच रोमन अक्षरं दाबली की यादीत ‘मालक’ या अर्थाचा शब्द आधी येतो, फरक फक्त दुसऱ्या अक्षराच्या सुरात.

पहिली ‘वो शीहुआन नी’, पाचवी ‘छ्र फान ल मा’. एक प्रश्न: आजी आईची आई की बाबांची? चिनीत शब्द वेगळे.

पेठेतला_वाडा:
आईची आई. दोन्ही भाषांत अक्षरं सारखीच दिसतात, तर जपानी फाइलमधले शब्द चिनीत उचलता येतील का? शेवटी आजीचं पत्र दाखवलंय.

चार_सूर:
मग ‘नाय-नाय’ नाही, ती बाबांची आई. उत्तरेकडे ‘लाओ-लाओ’, दक्षिणेत ‘वाय-फो’. दोन्हींपैकी एकच शेवटपर्यंत ठेवा.

कांजी_कट्टा:
उचलू नका! पत्राला जपानीत ‘तेगामी’ म्हणतात. त्याच दोन अक्षरांचा चिनीत अर्थ शौचालयातला कागद. जपानीत ‘मुलगी’ असलेलं अक्षर चिनीत ‘आई’ होतं. आणि ‘प्रेम’ अधिक ‘माणूस’ ही जोडी मुख्य भूमीवर ‘आय-रन’, म्हणजे नवरा किंवा बायको. जपानीत तीच ‘आइजिन’, म्हणजे लग्नाबाहेरचं माणूस.

पोस्टरसाठी दोन फाइली करा. जपानी ‘आइ’ १३ रेघांचं, मधोमध हृदयाचं अक्षर. १९५६ पासून सरलीकरण झालं तसं मुख्य भूमीवर ते १० रेघांचं झालं, हृदय गेलं आणि खाली ‘मित्र’ आलं. तैवानमध्ये हृदय अजून आहे. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात साठवा, नाहीतर पडद्यावर भलतीच अक्षरं येऊ शकतात. फॉन्टही भाषेप्रमाणे वेगळा लावा. जपानी फॉन्टमध्ये चिनी मजकूर टाकला की काही अक्षरांची वळणं बदलतात आणि चिनी वाचकाला ते लगेच खटकतं.