नीटला ४३१ आले, रिपीट करू का बीएएमएस (आयुर्वेदाची डॉक्टरकी) घेऊ? घरात दोन पार्ट्या पडल्यात

परभणीची_पोरगी

नमस्कार सगळ्यांना, इथं पहिल्यांदाच लिहायलेय, पोस्ट मोठी होईल, सांभाळून घ्या.

यंदा (२०२५) बारावी झाली, नीटचा (मेडिकलची प्रवेश परीक्षा) पहिलाच अटेम्प्ट, ७२० पैकी ४३१ आले. ओबीसी, नॉन क्रिमिलेयर आहे. ऑल इंडिया रँक दीड लाखाच्या पुढे गेलाय. टेस्ट सिरीजला ५२०-५३० यायचे त्यामुळं कुणालाच एवढे कमी अपेक्षित नव्हते, मला तर नव्हतेच. पेपर अवघड होता हे सगळेच म्हणतात पण तिथं बसल्यावर ते कळत नाही ना, फिजिक्सचा पहिला प्रश्न वाचला, सोडला, दुसरा वाचला, सोडला, तिसऱ्याला हात गार पडले आणि मग बायोलॉजी करून परत आले तेव्हा वेळ उरलाच नव्हता.

१४ जूनला रिझल्ट लागल्यापासून घरात मला कुणी काही बोलत नाही आणि तेच जास्त अंगावर येतंय. पप्पा म्हणतात रिपीट कर, लातूरला ठेवतो. चौकशी केली तर क्लास, रूम, मेस सगळं मिळून अडीच लाखाच्या वर जातंय, शेती आहे आमची, यंदा पेरणीला पण पैसे लागलेत, आणि भाऊ दहावीला आलाय. मामा म्हणायलेत की त्यांच्या मुलाला मागच्या वर्षी ६३८ होते तरी सरकारी एमबीबीएस लागलं नाही, मग ही ४३१ वरून कुठं पोचणार, दोनशे मार्क कुठून आणणार, सरळ बीएएमएस घ्या आणि मोकळं व्हा. सीईटीला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) ९१ पर्सेंटाइल आहेत, म्हणून काकू म्हणतात बी. फार्म पण चांगलंय.

मला खरंच कळत नाहीये. एकदा वाटतं परत द्यावी, एकदा वाटतं परत तेच झालं तर मग तोंड कुठं दाखवायचं. ज्यांनी रिपीट केलंय त्यांनी सांगा प्लीज, आणि ज्यांनी नाही केलं त्यांनी पण.

जीएमसीवाला

आधी मामांचं गणित बाजूला ठेव, ते साफ चुकीचं आहे. २०२४ चे मार्क आणि २०२५ चे मार्क एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत. २०२४ ला पहिल्या रिझल्टमध्ये ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, नंतर ग्रेस मार्क आणि फिजिक्सच्या त्या एका प्रश्नाचा घोळ निस्तरल्यावर १७ उरले. ६५० वाल्याची रँक तेव्हा पंचवीस-तीस हजारांच्या घरात जात होती. यंदा देशात पहिला आलेल्याला ६८६ आहेत आणि ६५० च्या वर अख्ख्या भारतात शंभर पोरं पण नाहीत. म्हणजे तुझ्या मामेभावाचे ६३८ यंदाच्या पेपरला ६३८ आलेच नसते. मार्क विसर, रँकवर बोल. आणि रँकवर बोललं तरी दीड लाखाच्या पुढं सरकारी एमबीबीएस नाही लागणार, ते खरंच आहे, त्यात गोड बोलून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे यंदा पॅटर्न बदलला. २०२१ पासून २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे असायचे, २०२२ पासून २०० मिनिटं मिळायची. यंदा १८० च्या १८० आणि १८० मिनिटं. जानेवारी संपताना सांगितलं त्यांनी हे. तुझी टेस्ट सिरीज कुठल्या पॅटर्नची होती? जुन्या पॅटर्नवरचे ५२०-५३० असतील तर ते जरा फुगलेले धर.

मी स्वतः रिपीटर आहे म्हणून सांगतो, आत्ता लगेच हो-नाही ठरवू नको. ओएमआरची (गोळे भरलेल्या उत्तरपत्रिकेची) स्कॅन कॉपी आणि फायनल आन्सर की दोन्ही आहेत ना तुझ्याकडे, घेऊन बस आणि विषयवार बरोबर किती, चूक किती, कोरे किती एवढं काढ. ४३१ या आकड्यात काहीच कळत नाही, त्याच्या आत बघावं लागतं. इथं टाक, बघू.

मंथन_९९

ड्रॉप घे ताई!! स्वप्न सोडायचं नसतं 💪🔥 एक वर्ष आयुष्यात काहीच नसतं

एक_पालक

@मंथन_९९ बाळा, एक वर्ष काहीच नसतं हे ज्याला मेसचं बिल भरायचं नसतं तोच म्हणतो.

माझ्या मुलानं रिपीट केलं. चांगला क्लास, वेगळी रूम, काही कमी पडू दिलं नाही. मार्क वाढले, नाही असं नाही, पण पन्नासच्या आत. आता फिजिओथेरपीला आहे आणि मजेत आहे, ओपीडीत पेशंट बघायला लागल्यापासून तर घरी फोनवर दुसरा विषयच नसतो त्याला. तेवढ्या मार्कांवर ते पहिल्या वर्षी पण मिळालं असतं बहुतेक. हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये, पण रिपीटचे किस्से आपण ऐकतो ते सगळे जमलेल्यांचे असतात. यंदा बावीस लाखांवर मुलं बसली, बारा लाखांवर क्वालिफाय झाली, आणि देशात एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आत-बाहेर, त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. क्वालिफाय झाली म्हणून पेढे वाटतात लोक, तसं काही नसतं त्यात.

वडलांशी एकदा पैशांवर सरळ बोल. आम्ही बाप लोक आकडा सांगत नाही आणि मुलं विचारत नाहीत, आणि मग सहा महिन्यांनी क्लासचा दुसरा हप्ता आला की घरात तणाव. कागदावर मांडा दोघांनी. आणि रिपीटर बॅचवाले नीटच्या मार्कांवर फीमध्ये सूट देतात, पहिला सांगितलेला आकडा शेवटचा समजू नका.

आयुर्वेद_सेकंड_इयर

मी मराठवाड्यातल्याच एका कॉलेजला बीएएमएस करते. एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. बरेच जण म्हणतील बीएएमएसला ॲडमिशन घेऊन ठेव आणि सोबत नीटची तयारी कर, पार्शल ड्रॉप म्हणतात त्याला. आमच्या बॅचला असे बरेच होते. पहिलं वर्ष दीड वर्षांचं असतं, सकाळी रचना शारीर, दुपारी डिसेक्शन, संस्कृत, हजेरी ७५ टक्के, आणि हॉस्टेलला आल्यावर त्याच डोक्यानं फिजिक्सचं रोटेशनल मोशन काढायचं, एखाद्यालाच जमतं. बाकीच्यांचं ना हे धड ना ते, इंटर्नल्स पण लटकले आणि नीट पण. घ्यायचं तर मनापासून घे, नाहीतर सीट दुसऱ्या कुणाला तरी जाऊ दे, हे माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तरी.

आणि बीएएमएस म्हणजे उरलेल्यांनी घ्यायचं असा जो सूर असतो ना मामा लोकांचा, ‘घ्या आणि मोकळं व्हा’, तो डोक्यातून काढ. साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, एमबीबीएसएवढीच आहेत. मोकळं वगैरे कुणी होत नाही 😄

फीचं पण बघ. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, खाजगी कॉलेजला पण, फक्त ॲडमिशन कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. अभिमत विद्यापीठांना पण लागू नाही. हॉस्टेल-मेस आपलं आपल्याला. म्हणजे तुमच्या घरच्या हिशोबात लातूरचे अडीच लाख एकीकडं आणि खाजगी बीएएमएसची माफ फी दुसरीकडं, हे पप्पांना माहितीये का?

परभणीची_पोरगी

नाही माहिती त्यांना, मला पण नीट माहिती नव्हतं, आज सांगते.

ओएमआर काढून बसले काल रात्री. दोनदा तपासलं.
बायो – ७४ बरोबर, १२ चूक, ४ कोरे = २८४
केमिस्ट्री – २७ बरोबर, १२ चूक, ६ कोरे = ९६
फिजिक्स – १८ बरोबर, २१ चूक, ६ कोरे = ५१

फिजिक्सचं बघून रडू आलं खरं सांगायचं तर. टेस्ट सिरीज जुन्याच पॅटर्नची होती, शेवटचे दोन-तीन पेपर फक्त नवीन.

फिजिक्सवाले_सर

रडू नकोस, हा रिझल्ट वाचता येण्यासारखा आहे. बायो ठीक आहे, तिथं फार झीज नाही. २१ चूक ही गोष्ट बघ. एक चूक म्हणजे नुसता एक मार्क जात नाही, येणारे चार पण गेलेले असतात, पाचाचा फरक. समज फिजिक्स ३० बरोबर आणि ९ चूक झालं असतं, बाकी सगळं आहे तसंच, तर १११ झाले असते, म्हणजे ६० वाढून ४९१. केमिस्ट्रीत थोडं इकडंतिकडं केलं की तू पाचशेच्या पार. यंदाच्या पेपरला ही वेगळीच गोष्ट झाली असती. म्हणजे मामांचे दोनशे मार्क कुठंच नाहीत चित्रात.

पण हे वाढतील का, ते तुझ्या घरीच कळेल. असं कर. फिजिक्सचे ते चुकलेले २१ आणि कोरे ६, असे २७ प्रश्न कोऱ्या वहीत परत सोडव. घड्याळ नको, उत्तरं झाकून ठेव, यूट्यूबवरची सोल्यूशन्स अजिबात बघू नकोस. शेजारी लिही की हा मला येत होता पण घाईत गेला, की सूत्रच आठवलं नाही, की प्रश्नच कळला नाही, की अंदाजानं गोळा काळा केला. अर्ध्याच्या वर सुटले तर अडचण वेळेची आणि घाबरण्याची आहे, त्याला अख्खं वर्ष क्लासमध्ये पहिल्या धड्यापासून परत ऐकत बसायची गरज नाही, पेपर सोडवायची गरज आहे. सात-आठच सुटले तर अकरावीचं मेकॅनिक्स कच्चं आहे, आणि मग घरी बसून एकटीनं होणार नाही, शिकवणारं माणूस लागेल.

रिपीटर पोरं करतात काय, तर जे येतं तेच परत परत करत बसतात. बायोची एनसीईआरटी सहाव्यांदा वाचतात कारण बरं वाटतं. फिजिक्सची वही कपाटातच. जुलै ते डिसेंबर असं गेलं की जानेवारीत तेच मार्क हातात. तसं होणार असेल तर रिपीट करू नकोस हे आत्ताच सांगतो.

जीएमसीवाला

सरांना प्लस वन. आणि अंदाजे मारलेले किती होते ते पण प्रामाणिकपणे मोज. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नसतं म्हणून सगळ्याच प्रश्नांना उत्तर द्यायची सवय लागते आपल्याला आणि तीच नीटला नडते.

अजून एक, रिपीट करायचं ठरलं तरी यंदाच्या कॅपचा फॉर्म भर. नोंदणी अजून सुरू व्हायचीये. राउंड बघ, तुझ्या रँकला खरंच काय मिळतंय ते बघ, मग सोड. मात्र सीट घेऊन सोडायची झाली तर कुठल्या राउंडनंतर काय कापतात ते माहिती पुस्तिकेत असतं, ती आधी वाच, कारण ओरिजिनल कागद कॉलेजला जमा होतात आणि मग तारखा निघून गेल्या की फार धावपळ होते.

परभणीची_पोरगी

सर, केलं. २७ पैकी १५ सुटले. त्यातले चार-पाच तर अगदी सोपे होते, एक तर फक्त युनिट बदलायचं होतं. अंदाजानं मारलेले आठ होते. न सुटलेले बहुतेक रोटेशन आणि करंट इलेक्ट्रिसिटीचे.

पप्पांना सगळं दाखवलं, ओएमआर पण. फीमाफीचं ऐकून ते जरा वेळ गप्पच बसले, मग म्हणाले की मग तुला काय पाहिजे ते सांग. मला एमबीबीएस पाहिजे आहे. पण लातूर नको वाटायलंय आता, सर म्हणतात तसं पेपरच सोडवायचे असतील तर परभणीतच अभ्यासिका लावून आणि फिजिक्सपुरतं कुणाकडं तरी जाऊन नाही का होणार? मम्मी म्हणते घरी राहशील तर दर रविवारी पाहुणे आणि दर पाहुण्याचा तोच प्रश्न.

आणि मामा म्हणाले मराठवाड्याला वेगळा कोटा असतो, तो आहे का अजून?

जीएमसीवाला

नाही गं, ७०:३० चा तो कोटा (७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के बाहेरच्यांना) २०२० लाच काढला. आता पूर्ण राज्याची एकच मेरिट लिस्ट, वर तुझा प्रवर्ग. ८५ टक्के राज्याचा कोटा आणि १५ टक्के ऑल इंडिया एवढंच.

फिजिक्सवाले_सर

१५ सुटले म्हणजे तुझ्याकडे माल आहे. घरी राहून होईल, पण तीन तासांचे पेपर दुपारी दोन ते पाच याच वेळेत, ओएमआरवर, अभ्यासिकेत बसून. घरातल्या पलंगावर सोडवलेला पेपर मी पेपर धरत नाही. आणि सुरुवात त्या दोन चॅप्टरपासून कर.

आयुर्वेद_सेकंड_इयर

झोप-जेवण कसं चाललंय तुझं? विचारते कारण पहिल्या पोस्टमध्ये ‘तोंड कुठं दाखवायचं’ लिहिलं होतंस. रात्र-रात्र जागी राहत असशील, नको ते विचार येत असतील तर घरात सांग, आणि १४४१६ ला फोन कर, टेलिमानस आहे सरकारचं, फुकट, मराठीत बोलतात. आमच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर लावलेलाच आहे तो नंबर.

परभणीची_पोरगी

झोप नव्हती ताई, आता दोन दिवस लागायलीये. नंबर सेव्ह केला.

एक_पालक

छान चाललंय तुमचं. कागदांचं राहू नये म्हणून सांगतो, जात वैधता काढली आहे का? नसेल तर रिपीट करा, नका करू, उद्याच जिल्हा समितीकडे अर्ज टाका. नॉन क्रिमिलेयरची मुदत पण बघून घ्या, संपलेली असते आणि ऐनवेळी तहसीलला रांग. रिपीट केलंत तर पुढच्या वर्षी गॅपचं प्रतिज्ञापत्र पण लागेल.

आणि व्हेटरनरी कुणीच बोललं नाही अजून. परभणीलाच कॉलेज आहे तुमच्या, उदगीरला पण आहे. नीटच्याच मार्कांवर होतं पण फॉर्म वेगळा, पशुवैद्यक विद्यापीठाचा, मेडिकलच्या कॅपमध्ये तो येत नाही. म्हणून मुलं विसरतात.

परभणीची_पोरगी

वैधता अकरावीलाच काढलीये काका. व्हेटरनरीचं खरंच डोक्यात नव्हतं, आमच्याकडं जनावरं आहेत त्यामुळं पप्पांनी ऐकल्या ऐकल्या कान टवकारले 😅 तो पण फॉर्म भरते. तिथं लागलं तर मग रिपीट करायचं का, हा आता नवीनच वाद सुरू झालाय घरात.