कापडी शिल्पात नळी कुठली घालावी आणि वजन कशाचं?

धागाकर्ती: छतापासून खाली लोंबणाऱ्या कापडी मुळ्या करतेय, सुती कापडाच्या लांब नळकांडी पिशव्या शिवायच्या, आत लवचिक नळी आणि टोकाला वजन. माझं मत स्पष्ट आहे, पारदर्शक पीव्हीसी नळी यात नकोच. पीव्हीसी मुळात कडक, त्यात प्लास्टिसायझर मिसळून ती मऊ करतात, आणि तोच पुढे हळूहळू बाहेर झिरपतो, नळी आधी चिकट होते मग ताठर आणि पिवळी, डाग पडतात ते कापडावर. सिलिकॉनच घ्या. वजनाला स्टेनलेसचे छर्रे, साधं लोखंड दमट हवेत गंजून सुती कापड खराब करतं.

सुईदोरा: अजिबात पटलं नाही. सगळी कामं पन्नास वर्षं टिकायला केलेली नसतात, प्रदर्शन दोन महिन्यांचं असेल तर पीव्हीसी चालते की. सिलिकॉनचा त्रास कुणी सांगत नाही, तिला सिलिकॉनचाच गोंद लागतो, बाकी काही धरत नाही, आणि कापडाच्या आत ती सरकत नाही, अडकून बसते, टाल्कम पावडर लावून ढकलावी लागते. नळी वळणावर चेपते त्याचं मुख्य कारण नळीची भिंत पातळ असणं, तेव्हा आधी भिंतीची जाडी बघा मग मटेरियल. आणि नळी नुसती वाकते, वाकलेली राहत नाही, आकार धरायचा तर आत ॲल्युमिनियमची तार हवी, तीही एकाच जागी परत परत वाकवली की तुटते.

काठपदर: वजनाबद्दल बोलते. स्टीलची घनता साधारण ७.८ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, काचेच्या मण्यांची २.५ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच वजनाला काच तिप्पट जागा खाते, मुळीचं टोक फुगीर हवं असेल तर काच उत्तम, निमुळतं हवं तर स्टील. शिसं ११.३ म्हणून मोह होतो, पण नको, ते विषारी आहे आणि लोक अशा कामांना हात लावतातच, शिवाय व्हिनेगरसारख्या वाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते, आणि काही सिलिकॉन सीलंट, म्हणजे फटी बुजवायचे गोंद, वाळताना नेमकी तीच वाफ सोडतात. तांदूळ, डाळ तर नाहीच, किडे होतात. पण सगळं वजन टोकाला का? सगळा ताण एकाच शिवणीवर येतो. स्टेनलेसची साखळी आतून सोडा नाहीतर छर्रे छोट्या छोट्या खणांत शिवा.

धागाकर्ती: खणांचं पटलं, भिंतीच्या जाडीचंही. पण दोन महिन्यांचं नाही पटत, प्रदर्शन संपल्यावर काम घडी घालून खोक्यात जातं आणि डाग तिथेच पडतात, कारण नळी कापडाला दाबून बसलेली असते. एकोणिसाव्या शतकात रेशीम जड वाटावं म्हणून त्यात कथलाचे क्षार भरायचे, ते रेशीम आता घड्यांवर चिरत जातं. कापडाला चिकटून काय राहतं त्यावर कापडाचं आयुष्य ठरतं.

सुईदोरा: मग टोक शिवूनच टाकू नका ना, नाडी ठेवा, खोक्यात भरण्याआधी नळी आणि वजन दोन्ही काढून घ्या. तसं केलं तर पीव्हीसीवरचा तुमचा अर्धा आक्षेप जातो.

धागाकर्ती: नाडी नक्की ठेवते. पीव्हीसी तरी नाही घेणार, काम दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यावर ती नाडी कोण सोडणार?